पोटुशीचं ताट आधी

लोणावळ्याच्या स्टेशनामागं रेल्वेच्या कामगारांची बैठी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत ताजुन्निसा लहानाची मोठी झाली. बाप राजमहंमद इंजिनाच्या शेडमध्ये फिटर. दिवसभर हात तेलात बरबटलेले, आणि घरी आल्यावर लेकीकडून मराठी पुस्तकातले धडे ऐकायची हौस. ताजूला सातवीपर्यंत शिकवलं तेव्हाच नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ती पुण्याला नर्सचं शिकायला जाणार म्हटल्यावर तर त्यांनी येणं-जाणंच कमी केलं. राजमहंमदनं ते फारसं मनावर घेतलं नाही. "पाहुणे कमी झाले तर चहा वाचतो," एवढंच म्हणाला आणि लेकीची ट्रंक स्वतः डोक्यावरून स्टेशनावर नेली.

ताजूचं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण तिचा स्वभाव. दवाखान्यात मोठमोठ्या बायका तिला टरकून असायच्या. औषधाच्या बाटलीवरची रेघ आणि बाटलीतलं औषध यांत केसभर फरक दिसला तरी ती बाटली परत पाठवणार. तिशीच्या आतच तिला सगळे ताजबाई म्हणायला लागले, आणि आता आपणही तेच म्हणू.

एकोणीसशे सदतीसच्या सुमारास पुण्यातल्या एका संस्थेनं खेड्यातल्या कुटुंबांच्या आहाराची पाहणी काढली. कोणत्या घरात काय शिजतं, किती शिजतं, त्यातून गरोदर बायकांना आणि पोरांना काय मिळतं, हे मोजायचं होतं. पाहणीचे प्रमुख मोडक डॉक्टर. त्यांना मावळ माहीत असलेली आणि चिखलात चालायला न कुरकुरणारी बाई हवी होती. ताजबाईंनी दवाखाना सोडला आणि पितळी काटा खांद्याला लावला.

हा काटा म्हणजे एक गंमतच होती. वरचा आकडा वाशाला अडकवायचा, खालच्या आकड्याला दोरीची जाळी, जाळीत पातेलं ठेवायचं की तबकडीवरची सुई वजन सांगायची. ताजबाई लोणावळ्याहून गाडीनं मळवलीला उतरायच्या आणि तिथून कार्ल्याच्या अंगानं इंद्रायणीकाठच्या वाड्यांवर चालत जायच्या. दिसल्या की पोरं ओरडायची, "काटेवाली आली!" मग प्रत्येक घरची बाई आपली पातेली ओटीवर आणायची, स्वतःच्या हातानं जाळीत ठेवायची आणि परत आत न्यायची. ताजबाई पातेल्याला हात लावत नसत. मुसलमानाची बाई. ओटीवर घोंगडं टाकून बसवतील, वेगळ्या कपात चहा देतील, पण उंबऱ्याच्या आत नाही. वाडीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ताजबाईंना पहिल्यांदा बोचलं होतं, पुढं सवय झाली. काम तर होतंय ना, असं त्या मनाशी म्हणायच्या.

त्यातल्या एका वाडीत धोंडाबाईचं घर होतं. म्हातारी खणखणीत. दोन लेक, रखमाजी आणि नथू. रखमाजीची बायको झुंबरबाई, वय असेल वीस-बावीस, पण चेहरा पाहिला तर कुणी तिशीची म्हणेल. ओठ पांढरे, पापणी खाली ओढली तर आतही पांढरंच. आधीची दोन बाळंतपणं झाली, दोन्ही पोरं बारसं व्हायच्या आत गेली. आता पुन्हा दिवस गेले होते आणि दिवाळीच्या सुमाराला बाळंत व्हायची होती. पहिल्या भेटीत तिनं ताजबाईंना विचारलं होतं, "बाई, हे तरी राहील का वो?" विचारताना तिनं पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट निळं पडलं. ताजबाईंनी दवाखान्यात हा प्रश्न कितीदा ऐकला होता, पण या वेळी तो त्यांच्या मागंच लागला. हे पोर राहिलं पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं, जसं काही ते त्यांच्या ठरवण्यावर होतं.

ज्येष्ठात त्यांनी धोंडाबाईच्या आळीतली पातेली तोलली. आणि काय आश्चर्य, प्रत्येक घरात भात होता आणि प्रत्येक घरात घट्ट, पिवळंधमक वरण होतं. धोंडाबाईच्या घरचं तर फार चांगलं निघालं. पातेल्याचं वजन वजा केलं, घरातल्या माणसांनी भागलं, की प्रत्येकाच्या वाट्याला व्यवस्थित डाळ येत होती. आकडे बघून ताजबाईंना बरं वाटलं, आणि झुंबरबाईकडं बघून कोड्यात पडल्यासारखं झालं. पण आकडा म्हणजे आकडा. त्यांनी तो पुण्याला पाठवला.

मोडक डॉक्टर खूश झाले. "या आळीची काळजी नको," ते म्हणाले. "खाणं चांगलं आहे. औषधं आणि तुमच्या फेऱ्या पलीकडे नाणे मावळात लावू, तिथे जास्त गरज आहे." आणि ताजबाईंच्या नेटक्या कामाचं त्यांनी चारचौघांत कौतुक केलं. कौतुक कुणाला नको असतं? ताजबाई त्या दिवशी गाडीत खिडकीशी थोड्या ताठच बसल्या होत्या.

पण झुंबरबाईचे ओठ काही डोळ्यांसमोरून हलेनात. आषाढात लावणी ऐन भरात आली तेव्हा एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या पुन्हा मळवलीला उतरल्या. काटा सवयीनं खांद्यालाच होता.

वाडीत शुकशुकाट. सगळी माणसं खाचरात. मावळात लावणी सावडीनं होते. आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या, आणि ज्यानं त्यानं आपली भाकर बांधून आणायची. ताजबाई बांधावरून घसरत-सावरत गेल्या तेव्हा न्याहारीची वेळ झाली होती. गडी एका बांधावर बसले होते आणि बायका दुसऱ्या, डोक्यावरची पावसाची इरली पाठीला टेकवून. रखमाजीच्या फडक्यात भात होता, वर वालाचं कालवण. नथूचंही तसंच. बायकांच्या फडक्यांत नाचणीची भाकरी.

झुंबरबाई जरा बाजूला, पाठ करून बसली होती. ताजबाई चिखलातून फेरा घालून तिच्या समोर गेल्या. तिच्या हातात अर्धी भाकरी होती आणि भाकरीवर मीठ-मिरची. एवढंच. तिनं पटकन फडकं झाकलं.

"कालवण?" ताजबाईंनी विचारलं.

"संपलं वाढता वाढता," ती म्हणाली. "मला लागत न्हाई तसं."

शेजारी विठाबाई बसली होती, चेष्टेखोर बाई. तिला ताजबाईंचा काटा बघून हसूच आवरेना. "बाई, आज आनि काय तोलाय आलात? आज वरान न्हाई मिळायचं. त्या दिशीचं वरान माज्या घरचं हुतं!"

बायका खुदखुदल्या. ताजबाईंना काही कळेना. मग विठाबाईनंच सगळं सांगितलं. पुण्याची बाई येणार, आपली पातेली पुण्यात वाचून दाखवणार, मग नुसती नाचणी आणि आंबील कशी दाखवायची? आळीची लाज जाईल. डाळ सगळ्यांच्या घरी नव्हती. सगळ्यांनी मिळून विठाबाईच्या चुलीवर वरण शिजवलं. ताजबाई एका ओटीवर सुईकडं बघत बसायच्या, तोवर वरण परसातनं, मागच्या दारानं, पुढच्या घरात पोचायचं. "एकच वरान तुमी समद्या आळीत तोललंत," विठाबाई म्हणाली. "लय फिरलं बिचारं."

ताजबाईंना आधी हसू आलं. इतकं आलं की चष्मा काढून पुसावा लागला. मग तो पुसता पुसताच त्यांच्या ध्यानात आलं. त्या वरणाच्या जिवावर आळीची फेरी बंद झाली होती. आणि वरण खरं असतं तरी काय? पातेलं त्यांनी घरातल्या माणसांनी भागलं होतं, जसं काही प्रत्येकाला सारखं मिळतं. गडी आधी, मग पोरं, मग सासू, आणि सुनेला पातेलं खरवडून जे निघेल ते. हे त्यांना माहीत नव्हतं का? चाळीतल्या खोलीत रोज हेच व्हायचं. आपल्या आईच्या ताटात काय असायचं ते त्या आठवायला लागल्या आणि आठवेना. आईचं ताट त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. इतकं शिकून, काटा खांद्याला लावून मावळभर हिंडून, घरातलंच दिसलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी वाडीकडं परतताना उजेड कमी झाला आणि झुंबरबाई बांधावरून चालताना ठेचकाळली. मग विठाबाईचा खांदा धरला. "सांज झाली की तिला दिसत न्हाई," विठाबाई सहज म्हणाली. ताजबाईंना हे दुखणं चांगलं माहीत होतं. पोटातलं पोर आईच्या अंगातलं ओढून घेतं आणि आईच्या डोळ्यांना काही उरत नाही. पालेभाजी पोटात गेली तरी फरक पडतो. आणि टाकळा, कुर्डू तर त्या बांधावर पायाखाली तुडवले जात होते. घरी भाजी होतही होती. ती सुनेपर्यंत पोचत नव्हती, एवढंच.

सोमवारी त्या मोडक डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं, फिरत्या वरणासकट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे सगळे आकडे वाया?"

"त्या आळीचे तरी सगळेच. बाकीच्यांचं मला आता सांगता येत नाही."

"मग खरं कसं तोलणार तुम्ही?"

"पातेल्यात नाही तोलायचं. ताटात तोलायचं."

"घरात तर घेत नाहीत तुम्हाला."

"शेतात घर नसतं," ताजबाई म्हणाल्या.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण चिडला होता, आणि चिडायला कारण होतं. लावणी संपेपर्यंतची मुदत त्यांनी दिली. तेवढ्यात जे हाती लागेल ते लागेल, मग नाणे मावळ.

ताजबाई दुसऱ्या दिवशी बांधावरच्या जांभळीला काटा अडकवून बसल्या. ज्याची त्याची शिदोरी ज्यानं त्यानं जाळीत ठेवायची. दोन-तीन दिवस खरे आकडे मिळाले, आणि ते बघवत नव्हते. झुंबरबाईची अर्धी भाकरी जाळीत ठेवली की सुई जागची हलायचीही नाही. शास्त्राच्या दृष्टीनं हे फार मोलाचं होतं. असंच महिनाभर तोलत बसलं असतं तर पुण्यात पुन्हा कौतुक झालं असतं. पण मग झुंबरबाईला ती अर्धी भाकरीच खाऊ द्यायची आणि आपण सुई बघत बसायचं? ताजबाईंना ते जमेना.

उपदेश करून काही होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. धोंडाबाईनं स्वतः जन्मभर शेवटीच खाल्लं होतं. तिला कुणी सांगितलं असतं की सुनेला आधी वाढ, तर तिनं सांगणाऱ्यालाच ओटीवरून उठवलं असतं. मग ताजबाईंनी एक थाप मारली. आयुष्यभर केसभर फरक न चालणारी ही बाई, पण थाप मारली ती चांगली ठासून. संध्याकाळी ओटीवर बसून त्या धोंडाबाईला म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडून एक चूक झाली. आमच्या कामाचा नेम आहे. पोटुशी बाईचं ताट आधी तोलायचं. घरात कुणाचं वाढायच्या आधी तिचं वाढायचं आणि माझ्यासमोर आणायचं. मगच बाकीच्यांचं. मी उलटं करत होते."

धोंडाबाईनं डोळे बारीक केले. "गड्यांच्या आदी?"

"गड्यांच्या आधी. सरकारी नेम आहे."

नेम सरकारी नव्हता, संस्थेचा नव्हता, कुणाचाच नव्हता. धोंडाबाईनं थोडा वेळ तंबाखू चघळली. "नेम हाय तर करावा लागंल," ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं चुलीपाशी काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं.

आणि मग ताजबाईंना जे हवं होतं तेच झालं. पुण्याला जाणारं ताट रिकामं कसं दाखवायचं? घराची लाज जाईल. पहिल्याच दिवशी झुंबरबाईच्या ताटात सबंध भाकरी आली, टाकळ्याची भाजी आली, वर वालाचं कालवण. दुसऱ्या दिवशी चार बोंबील भाजून आले. विठाबाईच्या घरून वाटीभर डाळ आली, या वेळी पुढच्या दारानं. ताट जाळीत ठेवायचं, सुई हलायची, ताजबाई मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "आता खा. खाल्लेलं बघितल्याशिवाय मला जाता येत नाही." हीसुद्धा थापच. रखमाजी आतून कुरकुरायचा, भूक लागल्याचं मोठ्यानं सांगायचा. त्याची आईच त्याला गप्प करायची. झुंबरबाई पहिले काही दिवस खाली मान घालून, चोरी केल्यासारखी खायची. मग हळूहळू मान वर आली.

लावणी संपली. ताजबाई पुण्याला गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "या आळीचे आकडे घेऊ नका. मीच बिघडवलेत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

डॉक्टरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तुमचं नाव मला पाहणीवरच्या निबंधात घालता येणार नाही." ताजबाई बरं म्हणाल्या. घरी येऊन मात्र त्या रडल्या. कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो निबंध त्यांना हवा होता, हे कशाला लपवायचं? राजमहंमद तोवर थकला होता. त्यानं लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांना नाणे मावळात पाठवलं, तरी सुट्टीच्या दिवशी त्या वाडीवर जायच्या, काटा घेऊन. आश्विनात झुंबरबाई सांजवेळी एकटी विहिरीवरून घागर घेऊन आली आणि मुद्दाम ताजबाईंच्या समोरून गेली. दिवाळीनंतर मुलगी झाली. काळीसावळी, आवाज असा की आळी जागी व्हावी. बारशाच्या दिवशी धोंडाबाईनं ताजबाईंना ओटीवर बसवून बाळ मांडीवर दिलं. ताजबाईंनी काटा काढला आणि जाळीत फडकं घालून पोरीला अलगद ठेवलं. सुई अशी खाली गेली की बायका हसायला लागल्या. ताजबाई निघताना झुंबरबाई त्यांच्यामागं वेशीपर्यंत आली, आणि तिथंच बराच वेळ उभी राहिली.

पुढं लढाई आली. पाहणी बंद पडली, डॉक्टरांची बदली झाली, काटा संस्थेनं परत मागून घेतला. ताजबाई तळेगावाकडच्या दवाखान्यात लागल्या आणि वराळ्यापासून उर्शापर्यंतची बाळंतपणं करत हिंडल्या. राजमहंमद गेला. कार्ल्याकडची वाट सुटली ती सुटलीच.

सेहेचाळीस सालच्या भाद्रपदात एका रोग्याच्या निमित्तानं त्या मळवलीला उतरल्या आणि पाय आपोआप त्या वाडीकडं वळले. दुपारची जेवणाची वेळ होती. धोंडाबाई ओटीवरच बसली होती, पार वाकलेली, पण आवाज तोच. "काटेवाली बाई," ती म्हणाली, "काटा कुटं हाय?"

"काढून घेतला मावशी. केव्हाच."

"आसं व्हय." तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. "आमी आपला अंदाजानंच वाढतो मग."

आत ताटं वाजली. ताजबाई नेहमीच्या सवयीनं ओटीवर टेकायला लागल्या, तर झुंबरबाई दारात आली. अंगानं भरली होती. तिच्यामागून नथूची बायको वाकून बघत होती, पोट पुढं आलेलं, सात-आठ महिन्यांची असावी. रखमाजी आणि नथू हात धुऊन भिंतीशी बसले होते. त्यांच्यासमोर अजून काही नव्हतं. ते मुकाट्यानं थांबले होते, आणि कुणी कुरकुरत नव्हतं.

"आदी तिचं," धोंडाबाई म्हणाली. "सरकारी नेम हाय. साऱ्या वाडीत पाळत्यात. विठाबाईच्या सुनंचं बी तसंच केलतं."

कुणी तोलायला येत नव्हतं, कुणी पुण्यात वाचून दाखवणार नव्हतं. इतकी वर्षं ताट आधी वाढलं जात होतं आणि ओटीवर बघायला कुणीही नव्हतं. मावशी, असा नेम कधी नव्हता, मी थाप मारली होती, हे शब्द ताजबाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

झुंबरबाईनं त्यांची पिशवी उचलली. "आत या, बाई," ती म्हणाली. "तितनं ताट दिसत न्हाई."

ताजबाईंनी धोंडाबाईकडं बघितलं. म्हातारी तंबाखू मळत होती. "जा की," ती म्हणाली. "तुमच्यासाठी काय येगळं केलं न्हाई हां. नाचनीच हाय."

ताजबाईंनी चपला काढल्या, पदर नीट केला आणि उंबरा ओलांडून चुलीपाशी गेल्या. नथूची बायको जेवत होती. तिच्या शेजारी झुंबरबाईनं पाट मांडला आणि दुसरं ताट घेतलं.